वृद्धांचे पडणे आणि रात्रपाळीचा हिशेब

कामगार संघटनेतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती चुकीची नसते. आज मात्र मी म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याविषयी बोलणार आहे. विषय ऐकून संयोजकांपैकी एका गृहस्थांनी विचारले, "हा विषय डॉक्टरांचा नव्हे काय?" मी म्हटले, हाड मोडल्यावर तो डॉक्टरांचा होतो, त्याआधीची पाच मिनिटे तो आमचा असतो. माझे शिक्षण सातवीनंतर भट्टीपुढे आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर झाले, तेव्हा वैद्यकातले काही चुकले तर डॉक्टरमंडळींनी माझा कान धरावा. हजेरीपटातले चुकणार नाही, एवढी खात्री देतो.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या थंडीतली. आमच्या युनियनचे एक जुने सभासद होते. शिरोलीकडच्या एका फाउंड्रीत तीस वर्षे मोल्डर म्हणून राबलेले. त्यांचे नाव सांगत नाही. पत्नी वारली, मुलगा नोकरीनिमित्त परगावी, गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, आणि रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी चालू. मुलाने त्यांना शहराबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवले. मुलाला मी दोष देत नाही. पगारातला मोठा हिस्सा तो तिथे भरत होता आणि महिन्यातून दोनदा येऊन बसत होता.

एका रात्री तीनच्या सुमारास हे गृहस्थ लघवीला उठले आणि खाट व मोरी यांच्यामधल्या आठ पावलांत पडले. खुब्याचे हाड मोडले. सकाळी नोंदवहीत एक ओळ आली: स्वतः उठून जाताना तोल जाऊन पडले. दोन दिवसांनी रात्रीच्या मावशींना कामावरून कमी केले. कारण लिहिले, देखरेखीत हयगय. तिसऱ्या दिवशी त्या मावशी आमच्या कचेरीत आल्या. दोन मजले, चौतीस माणसे आणि रात्री त्या एकट्या. ते पडले तेव्हा त्या वरच्या मजल्यावर एका आजींचे अंथरूण बदलत होत्या. "एका टायमाला दोन मजल्यावर मी कशी असंन, सांगा की दादा," असे त्या म्हणाल्या.

माझी पंचाईत झाली. एका बाजूला आमचा मोल्डर, दुसऱ्या बाजूला ही बाई. दोघेही कष्टकरी, आणि कागदावर दोघांवरच ठपका. एकाचा तोल गेला, दुसरीने हयगय केली. तिसऱ्या कोणाचे काही चुकले, असे त्या वहीत कोठेही नव्हते. ही वही पाहताना मला गिरण्यांच्या जुन्या अपघातांविषयी वाचलेले आठवू लागले, आणि तेव्हापासून मी या प्रश्नाचा इतिहास धुंडाळतो आहे.

आरंभ आपल्या घरापासून करू. पूर्वी आपल्याकडे म्हातारी माणसे पडत नसत, असे कोणी म्हणू लागला तर विश्वास ठेवू नये. उंबरे होते, शेणाने सारवलेली ओलसर जमीन होती, परसाकडे जायला अंधारातली वाट होती. माणसे पडत आणि खाटेला खिळून जात. फरक एवढाच, की जुन्या घरात म्हाताऱ्याची खाट सोप्यात असे आणि तिच्याजवळ कोणीतरी झोपलेले असे. नातू असे, विधवा बहीण असे, बहुधा सून माजघराच्या दाराशी एक कान उघडा ठेवून निजलेली असे. म्हातारा खाकरला की कंदिलाची वात मोठी होई. ही रात्रपाळीच होती; फक्त तिला पगार नव्हता, सुट्टी नव्हती आणि ती करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पहाटे दळायला बसायचे असे. आज आपण संस्कृतीच्या नावाने जिचे गोडवे गातो ती देखरेख पुष्कळ अंशी घरातल्या बायकांच्या मोडलेल्या झोपेतून आलेली होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ज्यांना घर नव्हते त्यांची सोय धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत. संस्था म्हणून अशी सोय आपल्या मुलुखात उशिरा आली. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ साली अनाथ व पंगू लोकांसाठी गृह निघाले. आज ते 'निवारा' म्हणून ओळखले जाते. त्या काळच्या दात्यांच्या डोळ्यांपुढे छप्पर आणि अन्न ही दोन दाने होती. रात्री जागे राहणे हेही एक दान आहे, आणि ते देणगीच्या पाटीवर कोरता येत नाही.

रुग्णालयांची कथा थोडी निराळी. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली स्कुटारीला गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई आपल्याला दिवा घेतलेल्या चित्रातून माहीत आहेत. मला त्यांचे मोठेपण दोन गोष्टींत वाटते. एक म्हणजे वॉर्डाची रचना. तीसएक खाटांचा एक लांबट दालनासारखा वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटांची रांग, आणि प्रमुख परिचारिकेच्या जागेवरून प्रत्येक खाट दिसली पाहिजे. मध्ये भिंती नकोत, आडोसे नकोत. दुसरी गोष्ट त्यांनी १८६० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील छोट्या पुस्तकात आहे. तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही हजर नसतानाही घडेल अशी व्यवस्था लावणे, यालाच त्या जबाबदारी म्हणतात. आमच्याकडे फाउंड्रीत पाळी बदलताना भट्टीचा ताबा पुढच्या माणसाला दिल्याशिवाय पहिल्याने हलायचे नाही, हा दंडक होता. नाइटिंगेलबाईंना तो समजला असता.

आपल्या कोल्हापुरात मेजर मँट या स्थापत्यकाराने एकोणिसाव्या शतकात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलची इमारत उठवली. आज तिथेच आपले सीपीआर आहे. शेजारच्या मिरजेत डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले आणि पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही चालू झाले. इमारती आल्या, डॉक्टर आले. परिचारिका मात्र पुरेशा कधीच आल्या नाहीत. १९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात साऱ्या देशाचा हिशेब आहे: दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि दर ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. म्हणजे एका परिचारिकेमागे सहा-सात डॉक्टर. जगाच्या रीतीच्या हे अगदी उलटे होते.

मग आपली रुग्णालये चालली कशी? उत्तर आपण सर्वांनी पाहिले आहे. "पेशंटबरोबर एक माणूस थांबायला पाहिजे." हे वाक्य कोल्हापूरच्या कोणत्याही दवाखान्यात आजही ऐकू येईल. खाटेखाली वळकटी टाकून निजलेला भाऊ, बाकावर बसल्या बसल्या पेंगणारी मुलगी, यांच्या जिवावर आपली रात्रीची शुश्रूषा उभी आहे. घरातली बिनपगारी रात्रपाळी आपण उचलून दवाखान्यात नेली, एवढेच.

आता वृद्धांच्या निवासाकडे या. तिथे खाट गेली, कपडे गेले, गोळ्यांची डबी गेली. खाटेखाली निजणारा माणूस मात्र गेला नाही. तो नाही म्हणून तर त्या माणसाला तिथे आणले! त्याच्या जागी कोणाला नेमायचे आणि किती जणांना, हा प्रश्न आपल्या समाजाने नीट विचारलेलाच नाही. माझ्या सगळ्या भाषणाचा मुद्दा म्हणाल तर हाच आहे.

कायद्याने विचारला काय? थोडासा विचारला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच साली मुंबई राज्याचा नर्सिंग होम नोंदणी कायदा झाला. आपल्या बोलण्यात नर्सिंग होम म्हणजे दहावीस खाटांचा खासगी दवाखाना, बहुधा बाळंतपणाचा. पण कायद्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलता हा शब्द आहे. दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार व शुश्रूषा होते ती जागा त्यात येते. त्या कायद्यात नोंदणी नाकारण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत एक असे, की शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये शिकलेल्या परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी देऊ नये. योग्य प्रमाण! शब्द चांगला आहे. परंतु वृद्धांची पुष्कळशी निवासगृहे न्यास किंवा संस्था म्हणून नोंदलेली असतात आणि आपण दवाखाना नाही असे सांगतात; त्यामुळे तो शब्द त्यांच्या दाराबाहेरच उभा राहतो.

पुढे २००७ साली आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा संसदेने केला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, निराधार वृद्धांपैकी निदान दीडशे जणांना सामावणारे वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावे, असे आहे. कायदा वाचताना आमच्यासारख्यांची नजर पहिल्यांदा क्रियापदावर जाते. येथे क्रियापद 'काढू शकेल' असे आहे, 'काढलेच पाहिजे' असे नाही. वृद्धाश्रमातल्या सोयींचा दर्जा काय असावा, हे कलमाने राज्याच्या योजनेवर सोपवले. कायद्यात दीडशे खाटांचा आकडा आहे. दीडशे माणसांमागे रात्री किती जणांनी जागे राहावे, याचा आकडा नाही.

येथे मला गिरण्यांकडे वळायचे आहे, कारण आकडा नसलेल्या कायद्याचे काय होते हे कामगारांनी फार पूर्वी भोगले आहे. मुंबईच्या गिरण्यांत उघडे पट्टे आणि दाते असलेली चाके फिरत. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, पोराचा हात त्यांत सापडे. अशा वेळी मालकाचे पहिले म्हणणे ठरलेले असे: कामगार बेसावध होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवली, त्याच्या तीनच वर्षे आधी, १८८१ साली, पहिला कारखाने कायदा झाला होता. त्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. सावध राहा असे कामगाराला सांगून भागत नाही, हे सरकारने तेव्हा मान्य केले. दहा तास उभा असलेला माणूस केव्हातरी बेसावध होणारच. म्हणून चाकालाच जाळी पाहिजे.

त्यानंतर १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याने भरपाई मिळवण्यासाठी मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावरून उतरवले. कामावर असताना कामामुळे इजा झाली की भरपाई. मद्यपानासारखे किंवा जाणूनबुजून नियम मोडल्यासारखे काही अपवाद सोडले, तर बेसावधपणाची सबब चालेनाशी झाली. हे जुने कायदे आता नव्या संहितांत विरघळले आहेत, पण त्यांनी घालून दिलेली विचाराची रीत राहिली आहे. गिरणीतला अपघात 'कोणाची चूक' या प्रश्नापासून 'कोणती व्यवस्था' या प्रश्नापर्यंत येण्यास चार दशके लागली. आमच्या मोल्डरच्या नोंदवहीतली ती ओळ अजून १८८१ च्या अलीकडे आलेली नाही.

डॉक्टरांनीही हा प्रवास केला आहे. इंग्लंडात मार्जरी वॉरेन या डॉक्टरीणबाईंकडे १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला जोडलेल्या जुन्या अनाथगृहातले ७१४ रुग्ण आले. वर्षानुवर्षे खाटेवर पडलेली माणसे. त्यांना काही होणार नाही असे सर्वांनी ठरवून टाकलेले. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासले, त्यांचे वर्ग पाडले, पुष्कळांना खाटेवरून उठवले, चालवले, काहींना घरी पाठवले. वृद्धांचे वैद्यक म्हणून जी शाखा आज आहे ती तिथून सुरू झाली, असे मानतात. मग १९६० साली शेल्डन या वुल्व्हरहॅम्प्टनच्या डॉक्टरांनी वृद्धांच्या पडण्याचाच अभ्यास प्रसिद्ध केला: २०२ माणसे आणि त्यांची ५०० पडणी. प्रत्येक पडणे त्यांनी चौकशी करून नोंदवले. कोठे, केव्हा, काय करताना. ज्याला निव्वळ अपघात म्हणता येईल अशी पडणी त्यांना साधारण एक तृतीयांश सापडली. बाकीच्यांमागे शरीरातले काही ना काही कारण होते: पाय अचानक गळणे, भोवळ, मान मागे टाकणे.

म्हणजे पडण्यालाही वेळ, जागा आणि पूर्वसूचना असते. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा संभव अधिक. झोपेतून उठून एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो. झोपेच्या गोळीने पाय जड होतात, लघवीच्या गोळीने रात्री दोनतीनदा उठावे लागते. त्यात मोतीबिंदू, लुंगीचा घोळ, झिजलेली स्लीपर, ओली शहाबादी फरशी. कॅनडातल्या जॅनिस मॉर्स या परिचारिका-अभ्यासिकेने १९८० च्या दशकात यावरून सहा प्रश्नांचे एक कोष्टक बसवले. पूर्वी पडले होते का? चाल कशी आहे? काठीच्या आधाराने चालतात, की टेबलखुर्च्या धरत? आणि माझ्या मते सर्वांत मार्मिक प्रश्न: आपल्याला काय झेपते आणि काय नाही, याचे भान त्यांना आहे का? दोन मिनिटांचे काम आहे, आणि दहावी झालेल्या मावशीही ते शिकू शकतात. आमच्या मोल्डरला हे कोष्टक लावले असते तर पहिल्याच दिवशी त्यांच्या खाटेवर लाल खूण आली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे दीर्घकालीन निवासात राहणाऱ्या वृद्धांपैकी शंभरांत तीस ते पन्नास जण वर्षाकाठी पडतात, आणि त्यांतले चाळीस टक्के पुन्हा पडतात. तेव्हा कोण पडणार हे पुष्कळदा आधी कळते. कळल्यानंतर जवळ कोण असणार, हा प्रश्न उरतो.

याचे एक स्वस्त उत्तर आहे, आणि ते सर्व देशांत सापडले आहे. माणसाला बांधून ठेवायचे. आपल्याकडे जुन्या लुगड्याची पट्टी पुरते. मी ती एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिली आहे, बाईच्या मनगटापासून खाटेच्या गजापर्यंत. अमेरिकेत त्यासाठी खास पट्टे होते, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शुश्रूषागृहांत दर दहांतले जवळजवळ चार जण बांधलेले असत. हेतू चांगला असतो: पडू नयेत. पण बांधलेल्या माणसाचे पाय आणखी गळतात, आणि तो सुटू पाहताना अधिक वाईट पडतो. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले, की बांधल्याने गंभीर इजा कमी होत नाहीत. बांधलेल्यांत त्या अधिक आढळतात. आणि बांधणाऱ्या संस्थेत आग लागली तर काय होते, हे तामिळनाडूतील एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका निवासात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. साखळी ही पाहणाऱ्या माणसाच्या जागी ठेवलेली होती.

अमेरिकेने १९८७ साली शुश्रूषागृहांसाठी कायदा केला. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवण्यास त्याने मनाई केली, आणि त्याखालच्या नियमांत असे घातले की प्रत्येक निवाशाला अपघात टाळण्यासाठी पुरेशी देखरेख आणि आधाराची साधने मिळाली पाहिजेत. पुरेशी देखरेख! हा शब्द वाचून मला बरे वाटले आणि लगेच शंका आली. पुरेशी म्हणजे किती? २००१ साली तिथल्याच एका सरकारी अभ्यासाने उत्तर दिले, की दर निवाशामागे दिवसाला सुमारे ४.१ तास शुश्रूषेचे हात पाहिजेत. त्यानंतर तेवीस वर्षे गेली. २०२४ साली सरकारने ३.४८ तासांचा किमान नियम काढला. निवासचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने तो रद्द केला. विशेषणावर कोणी दावा लावला नव्हता. आकडा आला त्याबरोबर वकील आले. किमान वेतनाच्या लढाईत आम्ही नेमके हेच पाहिले आहे.

म्हणून आता आपणच हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. एका जागी अहोरात्र एक माणूस जागा ठेवायचा, आणि प्रत्येकाने आठवड्याला ४८ तास काम करायचे, तर साडेतीन माणसे लागतात. त्यांच्या रजा, आजारपण, सण धरले की चाराच्या वर जातात. सरकारी रुग्णालयांच्या परिचारिकांसाठी केंद्राच्या कर्मचारी तपासणी विभागाने जे मान ठरवले, त्यात साध्या वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका आणि रजासुट्ट्यांपोटी वर ४५ टक्के जागा, असे धरले आहे. ते याच गणितातून. आता ब्युरोवाल्यांचे गणित पाहा. बारा तासांच्या दोन पाळ्या, दोन बायका, आठवड्याची सुट्टी नाही. १६८ भागिले २. प्रत्येकीचे ८४ तास. एका जागेवरची दोन माणसे वाचली. आमच्या मावशी त्या रात्री सलग तेराव्या रात्रीवर होत्या.

रात्रीचा हिशेब याहून कठीण आहे. चौतीसांपैकी बारा जणांना मोरीपर्यंत आधार लागतो असे धरा, आणि प्रत्येक जण रात्रीत दोनदा उठतो. चोवीस खेपा. उठवणे, उभे करून थोडे थांबणे, नेणे, आणणे, पांघरूण घालणे, याला दहा मिनिटे धरली तरी चार तास झाले. त्यात अंथरूण ओले झाले, कोणाला उलटी झाली, की पाच-सहा तास. आणि या प्रत्येक मिनिटाला, जेव्हा ती एकाला धरून उभी आहे, तेव्हा उरलेल्या तेहतिसांवर कोणाचीही नजर नाही. ती जितके चांगले काम करील तितका वेळ बाकीचे उघडे. एक माणूस असताना पुरेशी देखरेख अशक्य असते. याला हयगय म्हणणे म्हणजे एका हाताने टाळी वाजत नाही म्हणून त्या हाताला शिक्षा करण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, हा सगळा पैशाचा हिशेब झाला; शुश्रूषेला माया लागते. माया लागतेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर अत्याचार झाला आणि त्यांचा मेंदू कायमचा जायबंदी झाला. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या, तोपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. स्वतःहून काही करू न शकणाऱ्या त्या रुग्णाच्या अंगावर शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात गौरवाने नमूद आहे. हे मायेने झाले असे सर्व वर्तमानपत्रांनी लिहिले, आणि ते खरे आहे. पण त्या मायेच्या पाठीशी काय होते? महापालिकेतल्या मंजूर जागा, कायम नोकरी, तीन पाळ्या, लिहिलेला पाळीतक्ता, निवृत्त होणारीच्या जागी येणारी नवी मुलगी, आणि खाट रिकामी करण्यासाठी अरुणाबाईंना हलवण्याचा विचार झाला तेव्हा तो हाणून पाडणारी परिचारिकांची एकजूट. १९७३ साली कामाच्या जागी सुरक्षितता मागण्यासाठी संपावर गेल्या त्याही याच परिचारिका. चौऱ्याऐंशी तासांच्या आठवड्यात माया किती दिवस टिकते, हे ज्यांनी घरी आजारी माणूस काढला आहे त्यांनी सांगावे.

आता त्या शुश्रूषा केंद्राकडे परत जाऊ. आम्ही बोलणी मागितली. चालक म्हणाले, आम्ही धर्मादाय संस्था, आम्हाला कामगार कायदा लागत नाही. त्यावर १९७८ चा बंगलोर पाणीपुरवठा मंडळाचा निकाल आम्ही पुढे ठेवला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाची व्याख्या रुग्णालये आणि धर्मादाय संस्थांपर्यंत नेली होती. त्या वेळी तो उपयोगी पडला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय कामात गुंतलेल्या संस्थांना त्या व्याख्येतून वगळले आहे, तेव्हा आज तीच मावशी आली तर मला दुसरा दरवाजा शोधावा लागेल.

बोलण्यांपूर्वी मी मोल्डरना भेटायला दवाखान्यात गेलो. मावशींची तक्रार तुम्ही केली काय, असे विचारले. ते म्हणाले, "तिची कसली तक्रार? बेल मीच वाजवली नाही. दोनदा उठवली होती पोरीला, तिसऱ्यांदा कशाला म्हटलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि बेल उशामागं भिंतीला हाय. हात पुरत न्हाई." तीस वर्षे लोखंडाचा रस ओतलेल्या त्या हातांकडे मी पाहत राहिलो. आपल्यापायी दुसऱ्याला श्रम नकोत, ही कामगाराची सवय त्यांना आठ पावलांवर घेऊन गेली होती.

चालक वाईट मनुष्य नव्हते. हजेरीपट आणि वरचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग एकेक गोष्ट ठरत गेली. ज्यांना आधार लागतो त्या बारा जणांच्या खाटा खालच्या मजल्यावर, मावशी बसतात त्या जागेवरून दिसतील अशा हलवल्या. याला एक पैसा लागला नाही. बेलची दोरी उशाजवळ आली. मोरीपर्यंत भिंतीला दांडी बसली आणि रात्रभर एक छोटा दिवा. झोपेच्या गोळ्या कोणाकोणाला खरोखर हव्यात, हे डॉक्टरांकडून तपासून घेतले. नोंदवहीत नवे रकाने आले: किती वाजता, कोठून कोठे, त्या वेळी कामावर किती जण, आणि ते कोठे होते. दुसरी रात्रपाळीची बाई नेमण्यावर मात्र घोडे अडले. अखेर नातेवाइकांची बैठक बोलावली. महिन्याला प्रत्येकी सहाशे रुपये वाढवायचे होते. चौतीसांपैकी एकवीस घरे तयार झाली. एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही भरतो ते कमी आहेत काय?" त्यांना मी त्यांच्याच आईचे नाव त्या बारांच्या यादीत दाखवले. ते निघून गेले; दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने पैसे पाठवले.

मावशी परत कामावर आल्या, मधल्या पगारासह. आता रात्री दोघी असतात आणि आठवड्याला एक सुट्टी मिळते. त्यानंतर त्या घरात कोणी पडले नाही असे मी सांगणार नाही. दोन जण पडले. एक दिवसा अंगणात, तुळशीला पाणी घालताना. त्यांना पाणी घालू देऊ नये असे कोणी सुचवले तेव्हा मावशीच म्हणाल्या, की घालू दे, मी बरोबर जाईन.

आमचे मोल्डर खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिने होते. पावसाळ्याच्या तोंडाशी न्युमोनियाने गेले. त्यांच्या नावाने ती नोंदवही मी पुन्हा मागवून पाहिली. जुनी ओळ तशीच होती. खाली चालकांनी आपल्या हाताने वेगळ्या शाईत लिहिले होते: त्या वेळी कामावर एक, वरच्या मजल्यावर.